धागा: हवामान ठाणं कशावर उभं आहे? मैत्री, दक्षिण ध्रुव, कर्गेलेन आणि आपल्या शाळेचा फळा

ईशान्यकोन (देवळी, जि. वर्धा)

आपल्याकडे बऱ्याच शाळांत सकाळी साडेआठचं तापमान आणि पाऊस फळ्यावर लिहितात. काही ठिकाणी आता त्याच फळ्यावर दूरच्या ठाण्यांचे आकडेही येऊ लागलेत: अंटार्क्टिकावरचं आपलं मैत्री, दक्षिण ध्रुव, दक्षिण हिंदी महासागरातली बेटं. हे फार चांगलं आहे. पण आकडे शेजारी शेजारी लिहिले की लगेच तुलना होते, आणि ती बहुतेक अक्षांशावरून होते. अक्षांश महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी ठाणं कशावर उभं आहे ते बघावं. पाण्याने वेढलेलं, उघड्या खडकावर, की बर्फावर?

चार ठिकाणं घेऊ. दक्षिण ध्रुवावरचं अमुंडसेन-स्कॉट ठाणं २,८३५ मीटर उंचीवर आहे आणि त्याखाली सुमारे पावणेतीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. डिसेंबरची सरासरी उणे २८ च्या आसपास, जुलै-ऑगस्टची उणे ६०. मैत्री शिर्माखर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर आहे. तिथे जानेवारी शून्याच्या आसपास, ऑगस्ट उणे १८ च्या आसपास. कर्गेलेन बेट ४९ अंश दक्षिणेला आहे. तिथे फेब्रुवारीत साधारण ८ अंश आणि ऑगस्टमध्ये २. नागपूरची मेची सरासरी ३५ आणि डिसेंबरची २० ते २१.

आता कर्गेलेनचा फरक बघा. उन्हाळा आणि हिवाळा यांत जेमतेम सहा अंश. आपल्याकडे मार्चमध्ये पहाटे आणि दुपारी यांतच पंधरा अंशांचा फरक पडतो. म्हणजे त्या बेटाचं अख्खं वर्ष आपल्या एका दिवसात दोनदा बसेल. कारण समुद्र. वारा सतत खवळत ठेवतो म्हणून ऊन शंभर-दीडशे मीटर खोलीच्या पाण्यात वाटलं जातं. आपल्या काळ्या मातीत दिवसाचं ऊन फूटभरही खाली जात नाही, सगळी उष्णता वरच्या वितीत अडकते.

ध्रुवाचं गणित याहून वेगळं आहे. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत सगळ्यात जास्त ऊन पृथ्वीवर कुठे पडत असेल, तर दक्षिण ध्रुवावर. विषुववृत्तालाही कुठल्याच दिवशी तेवढं मिळत नाही. तरी तापमान उणे २८, कारण कोरडा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो आणि उंचीवरची विरळ, कोरडी हवा उष्णता धरत नाही. ध्रुवावर आजवरचं सर्वांत जास्त तापमान उणे १२.३, ते २५ डिसेंबर २०११ ला नोंदलं गेलं. मैत्रीचा खडक मात्र काळपट आहे, म्हणून तिथे भर उन्हाळ्यात बर्फ वितळतो आणि प्रियदर्शिनी तलावातून ठाण्याला पाणी मिळतं.

---

पराटीवाला (दारव्हा)

गुरुजी, दोन गोष्टी सांगा. पोरं म्हणतात अंटार्क्टिकात सहा महिने रात्र असते. मंग मैत्रीवरही सहा महिनेच काय? आन् कर्गेलेनचा सगळ्यात गरम महिना फेब्रुवारी काहून? तिकडं डिसेंबरात सूर्य सगळ्यात वर असते ना?

---

ईशान्यकोन

सहा महिने फक्त ध्रुवबिंदूवर. मैत्री ७० अंश ४६ मिनिटं दक्षिणेला आहे. तिथे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही. त्या दिवसांतही दुपारी उत्तरेकडे काही तास संधिप्रकाश असतो. उत्तरेकडचं आपलं हिमाद्री ठाणं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंदला, ७९ अंशांवर आहे. तिथे ही रात्र ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जवळजवळ चार महिने.

फेब्रुवारीचं उत्तर पुन्हा पाणीच. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, म्हणून बेटांचा कमाल-किमान महिना सूर्याच्या दोनेक महिने मागे असतो. आपल्याकडे उलटं घडतं. सूर्य जूनमध्ये डोक्यावर असतो, पण सर्वांत गरम महिना मे, कारण जूनच्या मध्यानंतर ढग आणि ओली जमीन तापमान खाली ओढतात. कर्गेलेनचा आलेख पाण्याने पुढे ढकललेला आहे, आपला पावसाने मधेच कापलेला.

---

आर्द्रा (अचलपूर)

ध्रुवाच्या आलेखात एक फार सुंदर गोष्ट आहे, ती मुलांकडून काढून घ्यावी. बारा महिन्यांचे बिंदू मांडले की खाली टोक येत नाही, सपाट ताट येतं. मार्चमध्ये सूर्य मावळतो, एप्रिलमध्येच सरासरी उणे ५७ पर्यंत येते, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत उणे ५७ ते ६० मध्येच फिरते. सहा महिने ऊन नाही, तरी दर महिन्याला पारा आणखी खाली का जात नाही?

वरचा भुसभुशीत बर्फ उष्णतेचा वाईट वाहक आहे. त्याच्या पृष्ठभागात साठा फारच थोडा, त्यामुळे तो काही आठवड्यांतच रिकामा होतो. पृष्ठभाग जितका थंड तितका तो कमी उष्णता बाहेर टाकतो, आणि हे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने घटतं. दुसरीकडे वरची काहीशे मीटरवरची हवा पृष्ठभागापेक्षा वीसेक अंशांनी गरम असते आणि ती खाली थोडीथोडी उष्णता पाठवत राहते. जाणं आणि येणं यांचा मेळ उणे ६० च्या आसपास बसतो. मधूनच समुद्रावरून ढग आणि वादळी हवा आत शिरते, तेव्हा भर काळोखात एकदोन दिवसांत वीसेक अंशांची उडी दिसते. फळ्यावर तसा आकडा आला तर चूक समजून खोडू नका.

अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात असलेल्या रशियाच्या व्होस्तोक ठाण्यावर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ नोंदलं गेलं, कारण तिथे सगळ्या गोष्टी एकत्र जुळल्या: जवळपास साडेतीन हजार मीटर उंची, निरभ्र आकाश, कमी वारा आणि समुद्राकडून काहीच न येणं.

---

दाबमापक (वरुड)

वरच्या प्रतिसादातली "वर गरम, खाली थंड" ही गोष्ट संत्र्याच्या बागेत आपल्या ओळखीची आहे. जानेवारीच्या निरभ्र, शांत रात्री पानांच्या उंचीवर ३ अंश असताना दहा-पंधरा मीटर वर दोनचार अंश जास्त असतात. म्हणून एकच मोठा जाळ करण्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या करतात. लहान जाळाची ऊब त्या गरम थराखाली अडकून पसरते, मोठा भडका थर फोडून वर निघून जातो. संध्याकाळी पाणी देण्यामागेही हेच: ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते आणि रात्रभर सोडते.

अंटार्क्टिकात खालचा हा थंड थर उतारावर पडला की वारा होतो. थंड, जड हवा पठारावरून किनाऱ्याकडे घसरते. दक्षिण गोलार्धात वाहती हवा डावीकडे वळते, म्हणून मैत्रीवर उतार दक्षिणेकडून असूनही वारा बहुतेक आग्नेयेकडून येतो. जिथे दऱ्यांचं नरसाळं होतं तिथे तो भयंकर होतो. केप डेनिसनला डग्लस मॉसनच्या तुकडीने १९१२-१३ मध्ये घेतलेल्या नोंदींत वर्षभराची सरासरीच ताशी ७० किमीच्या पुढे आहे. वादळाचा आकडा वेगळा, ही सरासरी आहे.

आकडे वाचताना एक गोम लक्षात ठेवा. किनाऱ्यावरच्या ठाण्यांत हिवाळ्यात वारा थांबला की पारा घसरतो आणि वारा सुटला की चढतो. वारा थरांची घुसळण करून वरची गरम हवा खाली आणतो, शिवाय उतरणारी हवा दर शंभर मीटरला एक अंश तापते. अंगाला लागणारी थंडी मात्र वाऱ्यात वाढते. उणे २० तापमान आणि ताशी ४० किमी वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३४ सारखं. हा दुसरा आकडा तापमानाच्या रकान्यात कधीही लिहू नका. तो फक्त कातडीचा हिशेब आहे, थर्मामीटरला किंवा पाइपमधल्या पाण्याला लागू नाही.

---

जस्ताची_पेटी (चिखली)

आता उपकरणांकडे वळू, कारण अर्धे गैरसमज तिथून येतात.

स्टीव्हन्सन पेटी म्हणजे थर्मामीटर ठेवायची झडपांची पेटी. तिचं दार आपल्याकडे उत्तरेला असतं, म्हणजे दार उघडलं तरी ऊन थर्मामीटरवर पडत नाही. दक्षिण गोलार्धात ते दक्षिणेला ठेवतात. पण मैत्रीच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, आकाशभर फिरतो आणि मध्यरात्री नेमका दक्षिणेला येतो, दारासमोर. त्यात बर्फावरून उलटं येणारं ऊन पेटीच्या तळातून आत शिरतं. वारा कमी असला तर नुसत्या झडपांच्या कवचात दोनतीन अंश जास्त दिसू शकतात. उपाय पंख्याचा, म्हणजे हवा ओढून सेन्सरवरून नेणारं कवच. आपल्याकडे टिनाच्या छपरावर बसवलेल्या स्वयंचलित यंत्राची चूक याच जातीची आहे. ते छपरावरून काढून गवताच्या जमिनीवर, सव्वा ते दोन मीटर उंचीवर आणा.

हिमवादळात झडपांतून भुकटीसारखा बर्फ आत भरतो. ओळखायची खूण म्हणजे आलेख अचानक सपाट होतो, दिवस-रात्रीचा फरकच नाहीसा होतो. तो आकडा हवेचा नसतो, पेटीतल्या बर्फाचा असतो. प्रत्येक वादळानंतर ब्रशने साफ करावं लागतं. शिवाय जमिनीवर बर्फ साचत जातो तशी पेटीची उंची कमी होते. तळाशी खालच्या-वरच्या तापमानातला फरक इतका तीव्र असतो की दोन मीटरऐवजी एका मीटरवर मोजलं तर आकडा बदलतो. म्हणून पेटी वर उचलत राहावं लागतं. आपलं पहिलं ठाणं दक्षिण गंगोत्री हिमपट्टीवर होतं, १९८३-८४ मध्ये उभारलं आणि काही वर्षांतच बर्फाखाली गेलं. मैत्रीसाठी खडक निवडण्यामागे हा अनुभव होता.

पारा उणे ३८.८ ला गोठतो. त्याखाली अल्कोहोलचा थर्मामीटर किंवा पीटी-१०० सेन्सर. पीटी-१०० म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम रोध असलेली प्लॅटिनमची तार. दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहम बदल, उणे ४० ला ८४.२७ ओहम. शाळेसाठी घेणार असाल तर चार तारांचाच घ्या. दोन तारांचा घेऊन अर्ध्या चौरस मिलिमीटरची दहा मीटर वायर जोडली, तर जाण्या-येण्याच्या वीस मीटर तांब्याचा रोध जवळपास ०.७ ओहम होतो. म्हणजे आकडा पावणेदोन अंशांनी जास्त. सेन्सर खराब आहे म्हणून तो बदलतात आणि चूक तशीच राहते.

आर्द्रतेत सगळ्यात जास्त फसगत. शून्याखाली "१०० टक्के" पाण्याच्या हिशेबाने मोजतात, पण खाली बर्फ असतो. उणे २० ला पाण्याच्या हिशेबाने ८२ टक्के झाले की बर्फाच्या हिशेबाने हवा भरलेलीच असते. उणे ४० ला हाच आकडा ६८. म्हणजे ध्रुवावर ६८ टक्के वाचून "हवा कोरडी" म्हणाल, तेव्हा तिथे प्रत्येक तारेवर हिमकण धरत असतात.

पाऊसमापक तर तिथे जवळपास निकामी. आपला २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा मापक असतो, त्यात १ मिलिमीटर म्हणजे २० मिलिलीटर. बर्फ पडताना नरसाळं काढून नुसतं भांडं ठेवतात, मोजून घेतलेलं कोमट पाणी घालून बर्फ वितळवतात आणि तेवढं वजा करतात. पण वारा जोराचा असेल तर हिमकण भांड्यावरून उडून जातात, निम्म्याहून कमी सापडतात. उलट जमिनीवरचा जुना बर्फ उडून भरला तर न पडलेला बर्फ नोंदला जातो. म्हणून आतल्या ठाण्यांवर बांबू रोवून उंची मोजणं जास्त भरवशाचं. व्होस्तोकवर वर्षाला पाण्याच्या हिशेबाने जेमतेम दोन सेंटिमीटर साचतं. आपल्याकडे जुलैतली एक बरी सर तेवढी देते.

बॅटरीबद्दलही सांगतो. पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचं पाणी उणे ६० च्या आसपास गोठतं, उतरलेलीचं उणे दहाच्या अलीकडेच. ध्रुवावर उतरलेली बॅटरी फुटते. आपल्याकडे उलटा शत्रू: मेमध्ये पत्र्याच्या डब्यात ठेवलेली बॅटरी दर आठ-दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावते. डबा पांढरा रंगवा आणि सावलीत ठेवा.

---

आर्द्रा

फुग्यांचं राहिलं. रोज ०० आणि १२ यूटीसीला (ग्रीनिचच्या वेळेने), म्हणजे आपल्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला, जगभर रेडिओसोंडे, म्हणजे फुग्याला बांधलेली मोजयंत्रं, सोडतात. ध्रुवीय हिवाळ्यात वर इतकी थंडी असते की फुग्याचं रबर ताठरतं आणि तो लवकर फुटतो. म्हणून काही ठाण्यांवर सोडण्याआधी फुगा कोमट केरोसीन किंवा डिझेलसारख्या तेलात बुडवून निथळू देतात. ओझोनच्या छिद्राच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुगा १५ ते २० किलोमीटरपर्यंत पोचणं अत्यंत गरजेचं असतं, कारण ऱ्हास तिथेच होतो.

---

मृगाचा_किडा (उमरखेड)

आमच्याइकडं प्रश्न एकच असतो. मॅस्करीन बेटांकडचा दाब वाढला की मान्सून जोर धरते असं ऐकलं. मंग जूनमधी त्या बेटांचे आकडे पाहून पेरणीचं ठरवता येईन काय?

---

दाबमापक

भाऊ, पेरणी त्यावर ठरवू नका. साखळी अशी आहे. दक्षिण हिंदी महासागरात ३० अंश दक्षिणेच्या आसपास, मॉरिशस-रॉड्रिग्ज बेटांच्या दक्षिणेला, जास्त दाबाचा प्रदेश आहे. आपल्या पावसाळ्यात तिकडे हिवाळा असतो, आणि तेव्हा तो जोर धरतो. तिथून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाजवळ दीडेक किलोमीटर उंचीवर जोरदार झोत होतो आणि तो अरबी समुद्रातून पश्चिम किनाऱ्यावर येतो. इथवर खरं.

पण विदर्भाचा पाऊस बराचसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ती ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे आत येतात तेव्हा आपल्याकडे झड लागते. मॅस्करीनचा दाब भक्कम असूनही उपसागर गप्प असेल तर कोकणात पाऊस आणि आपल्याकडे नुसते ढग. दाब, झोत, उपसागर, मान्सूनचा आस (कमी दाबाचा पट्टा), एवढ्या चार पायऱ्यांनंतर तुमचं वावर येतं. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वितभर ओल, हाच निकष धरा.

बेटाचा आकडा खरंच कामाला येतो तो मान्सूनच्या आगमनाच्या वेळी. केरळातलं आगमन जाहीर करायला हवामान खातं १४ ठाणी बघतं. त्यांत लक्षद्वीपमधली मिनिकॉय आणि अमिनी आहेत. १० मेनंतर त्यांतल्या ६० टक्के, म्हणजे किमान ९ ठाण्यांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, शिवाय पश्चिमी वाऱ्यांची खोली आणि जोर, आणि ढगांवरून येणारी उष्णता ठरावीक मर्यादेखाली. फळ्यावर मेमध्ये मिनिकॉयचा रकाना ठेवा. नागपूरला सरासरीने मान्सून जूनच्या मध्याला येतो, तोवर मुलांना वाट दिसेल.

---

ईशान्यकोन

ठाण्यांचे जागतिक हवामान संघटनेचे क्रमांक देतो, नावांनी शोधलं तर गोंधळ होतो. मैत्री ८९५१४, दक्षिण ध्रुव ८९००९, व्होस्तोक ८९६०६, कर्गेलेन ६१९९८, अॅमस्टरडॅम बेट ६१९९६, मॅरियन ६८९९४, मॅक्वारी ९४९९८, न्यू-ओलेसुंद ०१००४, मिनिकॉय ४३३६९, नागपूर ४२८६७.

ठाणी आपली नोंद पाच-पाच आकड्यांच्या गटांच्या सांकेतिक ओळीत पाठवतात. सरावासाठी तशी एक ओळ रचली आहे, खरी नोंद नाही:

१५१२४ ८९५१४ ४२५७० ३१३२८ १११८३ २१२४५ ३९७१३ ४९८६८ ५२००८

---

पराटीवाला

करून पाह्यलं. १५ तारीख, १२ यूटीसी. मैत्री. आकाश आठात तीन भाग झाकलेलं, वारा १३० अंशावरून, वेग २८, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. तापमान उणे १८.३, दवबिंदू उणे २४.५. दाब ९७१.३, समुद्रसपाटीला ९८६.८. तीन तासांत ०.८ चढला. बरोबर हाये काय?

---

जस्ताची_पेटी

वारा सोडून सगळं बरोबर. पहिल्या गटाचा शेवटचा आकडा बघा, ४ आहे. ० किंवा १ असेल तर वेग मीटर प्रति सेकंद, ३ किंवा ४ असेल तर नॉट. २८ नॉट म्हणजे ताशी ५२ किलोमीटर. ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि फळ्यावर रोजच्या वाऱ्याचं हिमवादळ होऊन बसतं. तिसऱ्या गटातले शेवटचे दोन आकडे ७० आहेत, म्हणजे दृश्यता २० किलोमीटर. वादळात एवढं दिसत नाही, त्यावरूनही पडताळा घेता येतो.

१ आणि २ ने सुरू होणाऱ्या गटांत दुसरा आकडा १ असेल तर उणे, ० असेल तर अधिक. हा आकडा विसरला तर मैत्रीवर १८ अंश लिहिलं जाईल.

---

आर्द्रा

दोन पुरवण्या. ध्रुवाची आणि व्होस्तोकची ओळ वाचताना ४ ने सुरू होणारा गट समुद्रसपाटीचा दाब म्हणून लिहू नका. इतक्या उंच ठाण्यांवर तिथे ठरावीक दाबपातळीची उंची देतात. ध्रुवावरचा ठाण्याचा दाब ३ च्या गटात ६८० च्या आसपास दिसेल, तो खराच तेवढा असतो.

आणि ध्रुवावर वाऱ्याची दिशा. तिथून कुठेही बघा, उत्तरच आहे. म्हणून शून्य रेखांशाची, म्हणजे ग्रीनिचकडची बाजू उत्तर धरून दिशा मोजतात. तिथे ०९० लिहिलं असेल तर वारा ९० अंश पूर्व रेखांशाकडून येतोय. नागपूरचं रेखांश ७९ आहे, म्हणजे तो वारा जवळजवळ आपल्याच बाजूकडून.

---

पराटीवाला

२८ नॉट, ५२ किलोमीटर. वहीत दुरुस्त केलं. आता मिनिकॉयचा रकाना आखतो.